बारच्या मधेच क्लेफ बदलला, तर आधीचा शार्प पुढे लागू राहतो का?

पियानो वाजवणाऱ्या जाणकारांची मदत हवी आहे. तुकडा ई मायनरमध्ये आहे, म्हणजे की सिग्नेचरमध्ये (ओळीच्या सुरुवातीची, सगळीकडे लागू होणारी चिन्हं) फक्त एफ शार्प (अर्धा स्वर वर). अडलंय ते डाव्या हाताच्या एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधला भाग). पहिल्या मात्रेवर बास क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कोणत्या रेघेवर कोणता स्वर ते ठरवणारं चिन्ह), मधल्या सीच्या लगेच वरचा डी, शार्प लावून. तिसऱ्या मात्रेआधी छोटा ट्रेबल क्लेफ येतो. तोच डी आता स्टाफच्या (पाच रेघांच्या पट्टीच्या) सर्वांत खालच्या रेघेखाली आहे, पण चिन्हाशिवाय. चौथ्या मात्रेवर एक सप्तक वरचा डी, तोही कोरा. उजव्या हाताच्या डीला मात्र त्याच बारमध्ये स्वतंत्र शार्प छापलाय. डाव्या हाताचे हे दोन्ही डी शार्प घ्यायचे की साधे? एकदा बोटांत चुकीचं बसलं की सुटता सुटत नाही, म्हणून आधीच विचारतोय.

प्रतिसाद १:
उजवा हात बाजूला ठेवा, अ‍ॅक्सिडेंटल (स्वरापुढे मधेच छापलेलं शार्पसारखं चिन्ह) ज्या स्टाफवर असतो तेवढ्यापुरताच. तिसऱ्या मात्रेचा डी शार्पच. स्वर तोच, मध्ये बारलाइन नाही, क्लेफमुळे फक्त त्याची जागा बदलली. काळजीने छापणारे प्रकाशक अशा ठिकाणी शार्प पुन्हा देतात, कारण जागा बदलली की नजर हमखास फसते. साधा डी हवा असता तर नॅचरल (शार्प रद्द करणारं चिन्ह) दिला असता.

चौथ्या मात्रेचं खरं कोडं आहे. की सिग्नेचर सगळ्या सप्तकांना लागते, अ‍ॅक्सिडेंटल फक्त आपल्या सप्तकाला. नियमाने तो डी साधा. पण तिथला कॉर्ड बी सेव्हन असेल (त्यात डी शार्पच असतो), तर मला छपाईत शार्प राहून गेल्याचा दाट संशय आहे. हीच ओळ पुढे कुठे परत येते का, ते बघा.

धागाकर्ता:
हो, कॉर्ड बी सेव्हनच आहे आणि पुढे ओळ परत येते तिथे दोन्ही डींना शार्प आहे! आभारी आहे. आणखी एक: हा वरचा डी टायने (त्याच स्वराच्या दोन नोटा जोडणारी कमान) पुढच्या बारमध्ये धरलाय. मग ई, आणि त्यानंतर परत कोरा डी, मग सी.

प्रतिसाद २:
टायने धरलेला डी शार्पच राहतो, बारलाइन ओलांडली तरी. टाय संपला की शार्पही संपला, त्यामुळे ई नंतरचा डी साधा. ई, डी, सी अशी उतरती ओळ आहे, तिथे ई मायनरमध्ये साधा डीच शोभतो. बऱ्याच प्रतींत अशा डीपुढे कंसात नॅचरल देतात. तुमच्या प्रतीत नसेल तर पेन्सिलीने लिहून टाका.