‘इन्शे गॉल’ला मराठीत काय म्हणाल?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हेब्रिडीज बेटांच्या इतिहासावर एक लेख मराठीत आणतेय. त्यात या बेटांचं गेलिक नाव येतं, ‘इन्शे गॉल’. इन्शे म्हणजे बेटं, पण ‘गॉल’चं काय करू? मी आधी ‘गेल लोकांची बेटं’, म्हणजे गेलिक बोलणाऱ्यांची, असं ठोकून दिलं होतं. आता शंका येतेय.

—

ताई, नेमकं उलटं झालंय! गॉल म्हणजे गेल नव्हे, गेल नसलेला, परका. समोरच्या मुख्य भूमीवरचा आर्गाइल हा ‘गेलांचा किनारा’. आयर्लंडशी जोडलेलं दाल रियाता हे गेलिक राज्य तिथलं. कोलंबा हा ख्रिस्ती साधू ५६३ मध्ये आयर्लंडहून आला आणि आयोना बेटावर त्याने मठ उभारला, तोही याच राज्याच्या छत्राखाली. पुढे ७९५ च्या सुमारास नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या लोकांच्या धाडी सुरू झाल्या, मग ते बेटांवर वस्ती करून राहिले. किनाऱ्यावरचा गेल समोर बोट दाखवून म्हणणार, ती बघा परक्यांची बेटं.

नॉर्स लोक त्याच बेटांना ‘सुद्रेयार’ म्हणत, म्हणजे दक्षिणेकडची बेटं. नॉर्वेकडून किंवा स्कॉटलंडच्या उत्तरेच्या ऑर्कनी बेटांकडून उतरणाऱ्याला ती दक्षिणेलाच लागणार. आणि खुद्द ‘हेब्रिडीज’? प्लिनी या रोमन लेखकाच्या ग्रंथातल्या ‘हेबुदेस’मधला उकार हस्तलिखित उतरवून घेणाऱ्याने ‘रि’ वाचला, असं मानतात. आयोनाचंही तसंच, मूळ ‘इओवा’. उतरवून घेणाऱ्यांनी दोन नावं बिघडवली आणि तीच टिकली.

—

मग या बेटांचा बाराव्या शतकातला सत्ताधीश सॉमरलेड कोण? गेल की गॉल? नाव तर नॉर्स वाटतं.

—

नाव नॉर्सच, ‘उन्हाळ्यात सफरीला निघणारा’. बापाचं नाव मात्र गेलिक. अशा मिश्र मंडळींना ‘गॉल-गेल’ असा शब्दच होता, नैर्ऋत्येकडचा गॅलोवे त्यावरूनच. सॉमरलेड ११६४ मध्ये रेनफ्रू इथल्या लढाईत मारला गेला. त्याच्या डॉनल्ड नावाच्या नातवाचे वंशज ते मॅकडॉनल्ड; ‘मॅक’ म्हणजे मुलगा. बर्गर खाताना आठवा.

या घोळात एक शब्द मला फार आवडतो, ‘टार्बर्ट’. दोन पाण्यांमधली चिंचोळी जमीन, जिच्यावरून होडी ओढून पलीकडे नेता येते. १०९८ मध्ये नॉर्वेच्या मॅग्नस राजाचा स्कॉटलंडच्या राजाशी करार झाला : ज्या जमिनीला सुकाणू लावून गलबताने वळसा घालता येईल ती बेटं नॉर्वेची. किन्टायर हे द्वीपकल्प, बेट नव्हेच. सागाकथा, म्हणजे नॉर्स लोकांची जुनी कथा, सांगते की मॅग्नसने टार्बर्टच्या जमिनीवरून गलबत ओढायला लावलं आणि स्वतः सुकाणू धरून वर बसला. झालं किन्टायर बेट! आपल्याकडचा तलाठीही इतका बनेल नसेल. १२६६ च्या पर्थच्या तहात नॉर्वेने ४,००० मार्क एवढी रक्कम घेऊन ही बेटं स्कॉटलंडला देऊन टाकली.

—

भाषांतराचं बोला. ‘परक्यांची बेटं’ बरोबर आहे, पण गुळमुळीत. गॉल हा मूळ शब्द फ्रान्सच्या भागातल्या लोकांचा, मग सरसकट परक्याचा. आपला ‘फिरंगी’ तसाच नाही का? फ्रँक लोकांवरून निघाला, कोकणात पोर्तुगीजांना चिकटला, फिरंग तलवारीत आणि फिरंगरोगातही (उपदंशात) जाऊन बसला. पोर्तुगीजांकडच्या वसई-साष्टीला तर ‘फिरंगाण’ म्हणत. इन्शे गॉल म्हणजे गेलांचं फिरंगाणच!

—

शब्द झकास, पण लेखात नको, वाचक थेट वसईच्या किल्ल्यात पोचेल. साम्य मात्र खरं. फिरंगाणातले लोक घरी मराठीचीच बोली बोलत राहिले. आणि बाहेरच्या हेब्रिडीजमध्ये २०२२ च्या जनगणनेत निम्म्याहून जास्त लोकांना थोडीफार तरी गेलिक येत होती. स्कॉटलंडात इतकं प्रमाण दुसरीकडे कुठेच नाही. म्हणजे गेलिक टिकली ती ‘परक्यांच्या’ बेटांवर.

—

ठरलं. मजकुरात ‘परक्यांची बेटं’, आणि फिरंगाण तळटीपेत. ‘गेल लोकांची बेटं’ खोडलं, कुणाला सांगू नका.