मदत हवी आहे : ओपनबॉक्सची आरसी फाइल योग्य जागी ठेवूनही काहीच बदलत नाही

तिसरी_खिडकी
नमस्कार. जुन्या संगणकावर पाच वर्षे वापरलेली ओपनबॉक्सची (लिनक्सवर खिडक्या सांभाळणारा खिडकी-व्यवस्थापक) आरसी.एक्सएमएल ही कळजोड्या आणि इतर मांडणीची आणि मेनू.एक्सएमएल ही मेनूची, या दोन्ही फाइली मी दुसऱ्या लॅपटॉपवर आणल्या आणि माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ~/.कॉन्फिग/ओपनबॉक्स या फोल्डरात ठेवल्या. दोनदा लॉगिन करून पाहिले, तरी विंडोज कळ आणि टी दाबल्यावर टर्मिनल उघडत नाही आणि डेस्कटॉपवर उजवी क्लिक केल्यावर माझा मेनूही येत नाही. हा लॅपटॉप परवा वडिलांना द्यायचा आहे. त्यांना इंग्रजी मेनू वाचायला त्रास होतो, म्हणून मेनूतील प्रत्येक नाव मी मराठीत लिहिले आहे. फाइली बरोबर आहेत याची मला खात्री आहे. कृपया लवकर सांगावे.

कळफलक
लिनक्सचे कोणते वितरण, कोणती आवृत्ती आणि लॉगिनच्या पडद्यावर कोणते सत्र निवडले होते, हे लिहिल्याशिवाय नेमके सांगता येणार नाही. फाइल बदलल्यावर ‘ओपनबॉक्स --रिकॉन्फिगर’ ही फाइल पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा दिली होती का? (मंचाच्या नियमामुळे आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत लिहीत आहे, प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच टंकावी.)

पाणवठा
मी अनेक वर्षे जेडब्ल्यूएम हा दुसरा खिडकी-व्यवस्थापक वापरतो आणि माझे मत आहे की वडिलांसाठी तेच लावावे. घरच्या फोल्डरात .जेडब्ल्यूएमआरसी ही एकच फाइल असते, आणि ‘जेडब्ल्यूएम -पी’ ही आज्ञा दिली की त्या फाइलीत चूक आहे की नाही ते लगेच कळते. पपी लिनक्स या हलक्या वितरणातही अनेक वर्षे हाच खिडकी-व्यवस्थापक आहे. एवढ्या फाइलींच्या मागे का लागायचे?

कळफलक
पाणवठा, जेडब्ल्यूएम चांगलाच आहे, पण प्रश्नकर्त्याकडे पाच वर्षे जपलेली मांडणी आहे आणि ती त्यांना पुन्हा पहिल्यापासून लिहायची नाही. आधी बिघाड कुठे आहे ते शोधू या.

तिसरी_खिडकी
रिकॉन्फिगर केले, फरक नाही. वितरण डेबियन 12 आहे. सत्र मी निवडलेच नाही, आपोआप जे येते तेच आहे. ओबकॉन्फ (ओपनबॉक्सची मांडणी बदलण्याचे साधन) उघडून सजावट बदलायचा प्रयत्न केला, तर तोही बदल साठवला जात नाही. यावरून ओपनबॉक्सच बिघडला आहे असे वाटते. तो काढून पुन्हा बसवू का?

मोरपंखी
पुन्हा बसवून उपयोग होणार नाही, कारण तुमच्याकडे वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी पद्धत, जिच्यात ओपनबॉक्स चालत नाही) चालू असणार. माझ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ऑक्टोबर 2024 च्या आवृत्तीपासून ओपनबॉक्सच्या जागी लॅबडब्ल्यूसी हा वेलँडवरचा खिडकी-व्यवस्थापक आला आणि माझ्या सगळ्या जुन्या कळजोड्या एका दिवसात बंद पडल्या. आरसी.एक्सएमएल ~/.कॉन्फिग/लॅबडब्ल्यूसी मध्ये ठेवा.

कळफलक
तो अनुभव रास्पबेरी पायचा आहे, मोरपंखी. या लॅपटॉपलाही तो लागू पडेल असे इतक्यात म्हणता येत नाही. तिसरी_खिडकी, डेबियन बसवताना डेस्कटॉपच्या यादीत कशावर खूण केली होती? आणि चालू कार्यक्रमांची यादी देणाऱ्या ‘पीएस -ईएफ’ या आज्ञेच्या उत्तरात ओपनबॉक्सची जी ओळ दिसेल, ती पूर्ण इथे लिहा.

तिसरी_खिडकी
एलएक्सडीई या डेस्कटॉपवर खूण केली होती. लॅपटॉपमध्ये 2 जीबी रॅम आहे, म्हणून हलका पर्याय घेतला. त्यातही खिडक्या ओपनबॉक्सच सांभाळतो, त्यामुळे वेगळे सांगण्याची गरज वाटली नाही. ओळ अशी आहे : ओपनबॉक्स --कॉन्फिग-फाइल, आणि पुढे माझ्या घरच्या फोल्डरातील .कॉन्फिग/ओपनबॉक्स/एलएक्सडीई-आरसी.एक्सएमएल.

अक्षरवेडा
मराठी मेनूसाठी लोहित देवनागरी हा फाँट बसवा. ओपनबॉक्स अक्षरे पँगो या अक्षरमांडणीच्या लायब्ररीच्या मदतीने काढतो, त्यामुळे जोडाक्षरे तुटत नाहीत.

कळफलक
उत्तर त्या ओळीतच आहे. एलएक्सडीईचे सत्र ओपनबॉक्सला सुरू करतानाच दुसऱ्या फाइलीचे नाव देते, आणि एकदा ते नाव दिले की तुमची आरसी.एक्सएमएल शेजारीच असूनही उघडली जात नाही. म्हणजे फोल्डर बरोबर आहे, वाचली जाणारी फाइल निराळी आहे. आधी एलएक्सडीई-आरसी.एक्सएमएलची प्रत काढून ठेवा. मग जुन्या फाइलीतील कळजोड्यांचा भाग त्यात आणा, मेनूच्या भागात तुमच्या मेनू फाइलीचे नाव लिहा आणि रिकॉन्फिगर करा. उजव्या क्लिकचे कारण मात्र वेगळे आहे : एलएक्सडीईत डेस्कटॉपचा पडदा पीसीमॅनएफएम या फाइल-व्यवस्थापकाच्या ताब्यात असतो, म्हणून ती क्लिक ओपनबॉक्सपर्यंत पोहोचतच नाही. डेस्कटॉपच्या पसंतींमध्ये खिडकी-व्यवस्थापकाचा मेनू दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. आणखी एक विचारतो : फाइली सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवणे) वापरून नकलल्या होत्या का?

तिसरी_खिडकी
हो, सवयीने सुडो वापरला.

कळफलक
मग त्या फाइली रूटच्या, म्हणजे प्रशासकाच्या, मालकीच्या झाल्या असतील, आणि ओबकॉन्फ बदल साठवत नाही याचे तेच कारण दिसते. चाऊन ही मालकी बदलणारी आज्ञा वापरून संपूर्ण ओपनबॉक्स फोल्डर स्वतःच्या नावावर करून घ्या. घरच्या फोल्डरात काही ठेवताना सुडो कधीच लागत नाही.

पाणवठा
निदान लॉगिनच्या वेळी शुद्ध ओपनबॉक्सचे सत्र निवडावे. तिथे आरसी.एक्सएमएलच वाचली जाते आणि हा गोंधळ उरत नाही.

कळफलक
तुमच्या-माझ्यासाठी ते योग्य ठरेल. पण त्या सत्रात खालची पट्टी किंवा वायफायचे चिन्ह आपोआप येत नाही; ऑटोस्टार्ट फाइलीत एकेक आज्ञा लिहून, प्रत्येक चालू राहणाऱ्या आज्ञेच्या शेवटी & लावून ते उभे करावे लागते. वडिलांनी वायफाय तुटल्याचे फोनवर सांगितले, तर त्यांना कुठे बघायला सांगणार? माझ्या मते एलएक्सडीईच राहू द्यावे.

तिसरी_खिडकी
कळजोड्या चालू झाल्या, ओबकॉन्फही बदल साठवू लागला. मनापासून आभार. उजव्या क्लिकवर आता ओपनबॉक्सचा मेनू येतो, पण त्यात माझी मराठी नावे नाहीत. जुन्या संगणकावर हीच फाइल चालत होती.

कळफलक
अगदी हीच, की इथे आल्यावर त्यात काही वाढवले? एक्सएमएल फाइल तपासणारी ‘एक्सएमएललिंट --नोआउट’ ही आज्ञा लिहून पुढे फाइलीचे नाव द्या. चूक असेल तर ओळीचा क्रमांक मिळेल. आज्ञा सापडली नाही तर लिबएक्सएमएल2-युटिल्स हे पॅकेज बसवा.

तिसरी_खिडकी
चूक 14 व्या ओळीत निघाली. वडिलांसाठी ‘फोटो & व्हिडिओ’ अशी नवी नोंद केली होती आणि एक्सएमएलमध्ये ते चिन्ह तसेच्या तसे चालत नाही. त्या जागी ‘फोटो आणि व्हिडिओ’ लिहिले, रिकॉन्फिगर केले आणि संपूर्ण मेनू मराठीत आला. जोडाक्षरेही नीट दिसत आहेत, अक्षरवेडा. धागा बंद करायला हरकत नाही.