नायजरची चवळी आणि तिहेरी पिशवी: गोळ्यांशिवाय भुंगेरे कसे मरतात?

कणगीवाली: नायजर-नायजेरियाकडे चवळी साठवायला 'पिक्स' पिशव्या वापरतात. आत प्लास्टिकची दोन अस्तरं, बाहेर विणलेलं पोतं. औषध नाही, धुरी नाही. मग किडा मरतो कशाने? आणि तरीही कधीकधी पिशवीत भुंगेरे जिवंत का सापडतात?

दाणेदार: भुंगेऱ्याची अंडी शेतातच शेंगांवर पडतात, म्हणून भरताना स्वच्छ दिसणाऱ्या चवळीतही अळी असतेच. ती पिशवीतला ऑक्सिजन स्वतःच संपवते. तो ५ टक्क्यांच्या आसपास उतरला की खाणं मंदावतं. मरते ती गुदमरून कमी, तहानेने जास्त. कोरड्या दाण्यात पाणी कुठलं? अन्न जाळून शरीरातच ते तयार करायचं, तर ऑक्सिजन हवा.

जिवंत सापडले तर बहुतेकदा पिशवी लवकर उघडलेली असते किंवा तोंड ढिलं बांधलेलं असतं. निदान दोन महिने हात लावू नका.

सुतळी_गाठ: भरताना घाई नडते. आतलं अस्तर थोडं थोडं भरत, दाबत, कोपऱ्यांतली हवा काढत जायचं. तोंडाशी वीतभर जागा सोडून पीळ द्यायचा, दुमडायचं, सुतळीने करकचून बांधायचं. मग दुसरं अस्तर तसंच, शेवटी पोतं. तिन्ही एकत्र बांधली की हवा शिरलीच म्हणून समजा. काड्या, शेंगांची टोकं आधी पाखडून काढा, ८० मायक्रॉनचं अस्तरही त्याने फाटतं.

वाळवण्यात कसूर नको. हवाबंद पिशवीत ओल बाहेर जात नाही, बुरशी धरते. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि कोरडं मीठ हलवून पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ऊन द्या.

कणगीवाली: पुढच्या वर्षी तीच पिशवी चालेल?

दाणेदार: चालते. अस्तर फुगवून उजेडासमोर धरा. बारीक भोक चिकटपट्टीने बुजतं. जास्त असतील तर ते मधलं अस्तर करा, आत नवं घाला. उंदराला मात्र हे प्लास्टिक म्हणजे काहीच नाही. फळ्यांवर, भिंतीपासून दूर, सावलीत ठेवा.

सुतळी_गाठ: ही युक्ती १९८०च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक यांच्या गटाने तिथल्या संशोधकांबरोबर घडवली, अमेरिकी मदतीच्या पैशावर. गावोगाव पोचली ती २००७नंतर, गेट्स फाउंडेशनच्या निधीने. बाजारात पिशवी मिळेना तर प्रात्यक्षिकाचा काय उपयोग? म्हणून त्या त्या देशातल्या कारखानदारांना आणि विक्रेत्यांनाही यात ओढावं लागलं.