सहावा आठवडा, टीएसएच ४.८: गोळी आत्ताच वाढवायची का?

रानजाई: थायरॉईड कमी आहे, म्हणून गर्भ राहण्याआधीपासून थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) ७५ मायक्रोग्रॅम चालू आहे. आता सहावा आठवडा, टीएसएच (थायरॉईड हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढणारं हार्मोन) ४.८. एंडोक्रायनॉलॉजिस्टची (हार्मोनतज्ज्ञांची) वेळ बारा दिवसांनी मिळाली आहे. तोवर थांबलं तर चालेल? लोह-कॅल्शियमही लिहून दिलंय, आणि सकाळी मळमळतं.

निळीशाई: थांबू नका. बाळाची थायरॉईड साधारण बाराव्या आठवड्यापासून हार्मोन बनवू लागते आणि नीट कामाला लागेपर्यंत १८-२० आठवडे जातात. तोपर्यंत त्याची भिस्त आईच्या हार्मोनवर. शिवाय इस्ट्रोजेनमुळे हार्मोन धरून ठेवणारं प्रथिन वाढतं, म्हणून आधी पुरणारा डोस आता तोकडा पडतो. म्हणून गर्भ राहिल्याचं कळताच डोस २५-३० टक्के वाढवतात. सोपा हिशेब म्हणजे आठवड्याला ७ऐवजी ९ गोळ्या: सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन. तुमच्या बाबतीत ५२५चे ६७५ मायक्रोग्रॅम. स्वतःहून मात्र करू नका, आजच स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन करून हाच हिशेब विचारा.

ओवा: डोस वाढवूनही टीएसएच हलत नाही, तेव्हा बहुतेकदा घोळ वेळेचा असतो. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच अडवतात, म्हणून मध्ये ४ तास हवेत. गरोदरपणातल्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह असतं, ते लोक विसरतात. गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा-कॉफी निदान अर्ध्या तासाने. सकाळी उलटी होत असेल तर जेवणानंतर ३ तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. मग लोह-कॅल्शियम दिवसा. पण वेळ रोज तीच ठेवा.

रानजाई: रात्रीचं जमेल. पुढची तपासणी कधी? आणि टीएसएच खूप खाली गेलं तर?

निळीशाई: डोस बदलल्यावर ४ आठवड्यांनी. विसाव्या आठवड्यापर्यंत दर ४ आठवड्यांनी, मग तिसाव्याच्या सुमारास एकदा. टीएसएच २.५च्या आत ठेवायचं. ८ ते ११ आठवड्यांत एचसीजी या गरोदरपणातल्या हार्मोनमुळे ते आपोआपही थोडं उतरतं, तेवढ्यावरून डोस कमी करू नका. फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉईड हार्मोन) सोबत बघायला सांगा. धडधड, हात थरथरणं असलं तर मात्र लगेच कळवा.

ओवा: केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या २ दिवस आधी बंद. काही यंत्रांवर त्याने टीएसएच खोटं कमी दिसतं. बाळंतपणानंतर डोस सहसा पूर्वीइतका करतात आणि ६ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. हे डॉक्टरांना आत्ताच विचारून लिहून ठेवा, तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नाही.