सुमो: पहिल्या पाच दिवसांचा तक्ता कसा वाचायचा?

किणये_कट्टा

टोकियोत रविवारी मे महिन्याचा बाशो (सुमोची पंधरा दिवसांची स्पर्धा) सुरू झाला. इथं तालमीतली पोरं दुपारच्याला मोबाइलवर बघायला लागलीत. कुस्ती कळते, खरं सुमोचा तक्ता काही केल्या डोक्यात बसत नाही. तीन दिवस झाले, तिन्ही जिंकलेले बरेच दिसतात, त्यांतला धरायचा कोणाला? दोन्ही योकोझुना (सगळ्यात वरच्या दर्जाचे पैलवान) पहिल्याच दिवशी समोरासमोर का लावत नाहीत? पंधरा दिवसांच्या जोडी आधीच ठरलेल्या असतात की रोज लावतात? खालच्या गटात काहींच्या दोन लढती झाल्यात, काहींची एकच. आणि एकाच्या नावापुढं गोलाच्या जागी चौकोन आहे, तो न लढताच जिंकलाय म्हणे. जाणकारांनी जरा फोड करून सांगा की.

निपाणी_पंधरा

आधी वेळेचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. जपान आपल्यापुढं साडेतीन तास. सगळ्यात वरचा गट म्हणजे माकुउची, त्याच्या लढती आपल्याकडं साडेबाराच्या थोड्या पुढं सुरू होतात आणि अडीचच्या सुमाराला शेवटची जोड होते. त्याआधी सव्वाबाराला भरजरी केशो-मावाशी (समारंभाचा पट्टा) बांधून सगळे आखाड्यावर चढतात. दुकान सोडून तेवढा वेळ बसता येत नसेल तर दोनला लावा, ओझेकी (योकोझुनाच्या खालोखालचे) आणि योकोझुना शेवटच्या अर्ध्या तासातच येतात. मधला जूर्यो गट पावणेअकराच्या आसपास, आणि अगदी खालची पोरं आपल्या पहाटे पाचपासून लढत असतात.

शेवटच्या रविवारी सगळं अर्धा तास आधी उरकतात, बक्षीस समारंभ असतो म्हणून. त्या दिवशी दोनला लावलं तर निकाल लागून गेलेला असेल.

बघायला एनएचके वर्ल्डवर रोजच्या लढतींचा संक्षिप्त कार्यक्रम असतो, ठरावीक दिवशी शेवटचा भाग थेटही दाखवतात. सुमो असोसिएशनचं ‘सुमो प्राइम टाइम’ हे इंग्रजी यूट्यूब चॅनल डाव समजून घ्यायला चांगलं आहे. यादी आणि निकाल असोसिएशनच्याच वेबसाइटवर इंग्रजीत मिळतात. संध्याकाळी शांतपणे बघणार असाल तर दुपारी तो तक्ता उघडूच नका.

जुना_फड

जोडी आधी ठरलेल्या नसतात, हे पहिलं पक्कं करा. पहिल्या दोन दिवसांची यादी स्पर्धेच्या आधीच्या शुक्रवारी निघते. तिसऱ्या दिवसापासून उद्याची जोड आज लावतात. लावणारे म्हणजे पंचमंडळी, सगळे निवृत्त पैलवान. आपल्याकडं जत्रेच्या फडात कमिटी दोघांची तयारी बघून जोड लावते, तोच प्रकार. चिठ्ठ्या टाकणं नाही, बाद फेरी नाही. माकुउचीत ४२ जण, प्रत्येकाला रोज एक अशा १५ लढती. म्हणजे एकमेकांशी सगळे लढूच शकत नाहीत आणि कोण कोणाला चुकला यावर बरंच ठरतं.

पहिल्या आठवड्यात जवळजवळच्या क्रमांकाचे एकमेकांना लावतात. अपवाद वरच्यांचा. माकुउचीत वरून खाली दर्जे असे: योकोझुना, ओझेकी, सेकीवाके, कोमुसुबी, आणि बाकीचे सगळे क्रमांकवार माएगाशिरा. योकोझुना आणि ओझेकींना आधी कोमुसुबी आणि माएगाशिरा १ ते ४ च्या आसपासचे देतात. पहिल्या दिवशी योकोझुनापुढं बहुतेक वेळा कोमुसुबीच असतो. होशोर्यू आणि ओनोसातो दोघे योकोझुना, त्यांची जोड शेवटच्या दिवसांसाठी राखून ठेवणार. ती रविवारीच लावली तर पुढचे चौदा दिवस तिकीट कोण काढणार?

याचा तक्त्यावर परिणाम असा होतो की माएगाशिरा १, २, ३ वरचे लोक पाचव्या दिवशी १-४ (एक विजय, चार हार) किंवा ०-५ दिसतात. बिघडले असं समजू नका. त्यांची सगळी अवघड लढाई आधी होऊन जाते. दुसऱ्या आठवड्यात खालचे मिळतात आणि त्यातला कसलेला असतो तो ८-७ काढून क्रमांक राखतो. उलट माएगाशिरा १४ वरचा ५-० असेल तर त्यानं आपल्या आजूबाजूचेच पाच पाडलेत, वरचा एकही बघितलेला नाही. म्हणून नुसता आकडा वाचायचा नाही. नावावर बोट ठेवून तो कोणाकोणाला हरवून आलाय ते बघायचं. एवढी एक सवय लागली तरी पहिल्या पाच दिवसांचा तक्ता बोलायला लागतो.

एकाच हेयातले, म्हणजे एका तालमीतले, नेहमीच्या लढतीत एकमेकांना लावत नाहीत. सख्ख्या भावांनाही नाही. वाकामोतोहारू आणि वाकाताकाकागे भाऊही आहेत आणि एकाच आराशिओ हेयाचेही. शेवटी दोघांचे विजय सगळ्यांत जास्त आणि सारखे झाले तरच निर्णायक लढतीत ते समोर येऊ शकतात. १९९५ च्या नोव्हेंबरात ताकानोहाना आणि वाकानोहाना हे भाऊ असेच भिडले आणि थोरला वाकानोहाना जिंकला. तात्पर्य, मोठ्या हेयाच्या माणसाला आपल्याच तालमीतले तगडे गडी पंधरा दिवस चुकतात. हा फायदा लहान नाही.

खानापूर_घाट

खालच्या गटांचं आणि चौकोनाचं मी सांगतो.

माकुउची आणि जूर्यो (२८ जण) यांनाच रोज लढत. पगार मिळतो तो इथूनच. त्याखाली माकुशिता, सान्दानमे, जोनिदान, जोनोकुची, यांना पंधरा दिवसांत सातच लढती. पहिली लढत पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी, दुसरी तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी, असं चालतं. म्हणून तिसऱ्या दिवसाअखेर अर्ध्यांच्या दोन झालेल्या दिसतात, अर्ध्यांची एक. चौथ्या दिवसानंतर तक्ता बघितला की सारखा दिसेल.

इथली जोड लावायची पद्धत वेगळी आहे. १-० वाल्याला क्रमांकानं जवळचा दुसरा १-० वालाच देतात, मग २-० ला २-०. त्यामुळं न हरलेले दर फेरीला निम्म्यानं कमी होत जातात आणि पहिल्या दोन लढतींतच कळतं की कोणता नवखा वर सरकतोय. माकुशितात वरच्या १५ क्रमांकांतल्या कोणी सातपैकी सात मारले तर जूर्योत बढती मिळते. सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला वेळ असेल तर वरच्या माकुशिताच्या लढती जरूर बघा. पगार नाही, आणि एका हारीनंही पुढचे दोन महिने तिथंच अडकायची भीती. तिथं कोणी जपून खेळत नाही.

आता खुणा. पांढरा गोल विजय, काळा गोल हार. पांढरा चौकोन म्हणजे समोरचा आलाच नाही म्हणून मिळालेला विजय, काळा चौकोन न आलेल्याच्या नावावर. यादी निघाल्यावर कोणी माघार घेतली की त्या दिवसापुरता हा प्रकार होतो. जिंकणारा तरी आखाड्यावर चढतो, आखाड्यातला पंच, म्हणजे ग्योजी, त्याचं नाव पुकारतो, तो उतरतो. दुसऱ्या दिवसापासून माघार घेतलेल्याला यादीतूनच काढतात, खरं त्याच्या तक्त्यात ते दिवस हारीसारखेच धरतात. क्रमांक राखायला १५ पैकी ८ विजय पाहिजेत, आजारी म्हणून सूट नाही. त्यामुळं दुखापतीत बसलेला माणूस पाच-सहा दिवसांनी परत उतरलेला दिसला तर नवल नाही, दोन-चार विजय मिळाले तर घसरण कमी होते.

किणये_कट्टा

समजलं, लई बरं झालं. आता अजून दोन. जूर्योतला एकजण परवा माकुउचीच्या यादीत पहिल्याच लढतीला कसा काय? आणि एका लढतीत दोघं पडताना जो अंगावर होता त्याचा हात आधी टेकला तरी त्यालाच जिंकलेला दिला. हे कसं?

खानापूर_घाट

पहिल्याचं उत्तर माघारीतच आहे. ४२ मधला एक बसला की उरले ४१, जोड जुळत नाही. मग जूर्योच्या वरच्या माणसाला त्या दिवसापुरता वर बोलावतात. जूर्योत खड्डा पडतो तो माकुशितातून भरतात. माकुशितातला असा वर आला तर त्या दिवसापुरता केसांचा बुचडा जूर्योवाल्यांसारखा पंख्याच्या आकाराचा बांधतो, त्यावरून ओळखू येतो. एकाच दिवशी दोघांनी माघार घेतली तर संख्या परत सम, वर कोणी जात नाही.

वडगाव_बाजारगल्ली

हाताचं मी सांगतो. तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग आधी टेकला किंवा गोलाबाहेर पाय गेला की हार, हा मूळ नियम. खरं खालचा माणूस हवेत गेलाय, त्याचा तोल पूर्ण सुटलाय, परत उभा राहायची सोय नाही, अशा वेळी वरच्यानं त्याच्यावर सगळं वजन पडू नये म्हणून हात टेकला तर तो चालतो. ठरवायचं काम पंचांचं. आखाड्यातला ग्योजी पंखा एका बाजूला दाखवायलाच बांधील असतो, बरोबरी देऊ शकत नाही. मग खाली बसलेल्या पाच पंचांना शंका आली तर ते वर चढून चर्चा करतात: निकाल कायम, उलटा, किंवा परत लढत. गोलाभोवती बारीक वाळूचा पट्टा झाडून ठेवलेला असतो, टाचेची खूण तिथं उमटते. चर्चेआधी पंच त्या वाळूकडं बघताना दिसतील.

कुस्तीच्या सवयीनं बघणाऱ्यांची पहिली चूक म्हणजे डावाची वाट बघणं. इथं निकाल बहुतेक पहिल्या टकरीत, ताचिआईत, लागतो. ४.५५ मीटर व्यासाचा गोल, दोन पांढऱ्या रेघांत ७० सेंटिमीटर अंतर. मागं सरकायला जागाच नाही. माकुउचीत मीठ टाकणं, बसणं, उठणं याला चार मिनिटं असतात, जूर्योत तीन, माकुशितात दोन. ती वेळ भरली की नजर हातावर ठेवा. कोणाचे दोन्ही हात आधी जमिनीला लागलेत, कोण एक हात लोंबता ठेवून समोरच्याला थांबवतोय. उशिरा हात टेकणारा उठण्याची वेळ आपल्या हातात ठेवतो.

पहिल्या पाच दिवसांत मी या गोष्टी बघतो. गुडघ्याला पट्टी आहे का, आणि मागच्या स्पर्धेपेक्षा जाड झाली का. ढकलणारा माणूस दोन पावलं पुढं जाऊन अचानक मागं सरतो आणि समोरच्याची मान खाली दाबतो का. जिंकला तरी हे वाईट लक्षण, कारण पायातला जोर गेला की माणूस ओढायला लागतो आणि आठव्या-नवव्या दिवशी त्याच ओढण्यात मागं बाहेर जातो. पट्टा धरणाऱ्याचा उजवा हात आत जातो की डावा, आणि त्याला स्वतःचीच पकड मिळतेय का. पाच दिवसांत एकदाही मनासारखी पकड न मिळता जो ४-१ आहे, तो दमलेला असतो. विजेता कोण हे पाचव्या दिवशी यावरून बऱ्यापैकी सांगता येतं.

जुना_फड

पायाचं, पकडीचं पटलं. शेवटचं वाक्य मात्र मागं घ्या. जानेवारी २०२० ला तोकुशोर्यू माकुउचीत अगदी तळाला, माएगाशिरा १७ वर होता. पाचव्या दिवशी त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. १४-१ नं जिंकला. मार्च २०२४ ला ओसाकात ताकेरुफुजी, तोही माएगाशिरा १७ आणि माकुउचीतली पहिलीच स्पर्धा. सलग ११ जिंकला, बाराव्या दिवशी होशोर्यूनं पाडला, चौदाव्याला घोटा दुखावला, पंधराव्याला पट्टी बांधून उतरला आणि १३-२ वर स्पर्धा घेतली. पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद ११० वर्षांनी.

मी वर ५-० वाल्याला फार किंमत देऊ नका म्हटलं ते कायम आहे, खरं अशा माणसाचं काय करायचं ते जोड लावणाऱ्यांकडून शिकावं. तो ८-० च्या पुढं गेला की त्याला उचलून थेट वरच्यांना लावतात. तोकुशोर्यूला शेवटच्या दिवशी ओझेकी ताकाकेइशो दिला होता. म्हणजे खालचा ५-० असेल तर त्याचं नाव लिहून ठेवायचं आणि नवव्या दिवसापासून उद्याच्या यादीत त्याच्यापुढं कोण आलाय ते रोज तपासायचं. वरचा कोमुसुबी किंवा सेकीवाके दिसला की समजायचं, पंचांनीही त्याला मनावर घेतलंय.

योकोझुनाचा हिशोब निराळा. त्याला खाली उतरवता येत नाही, हारायला लागला तर माघार किंवा निवृत्ती एवढंच. माएगाशिरानं त्याला पाडलं की किनबोशी, आणि ते पाडणाऱ्याला जूर्यो किंवा वर असेपर्यंत दर स्पर्धेला ४०,००० येन जादा मिळतात. कोमुसुबीनं पाडलं तर मिळत नाहीत, समोरचा न आल्यामुळं जिंकला तर तेही धरत नाहीत. म्हणून पहिल्या आठवड्यात माएगाशिरा १ ते ४ वाले योकोझुनापुढं जिवावर उदार होऊन उतरतात. पाच दिवसांत योकोझुनानं दोन-तीन किनबोशी दिल्या तर डॉक्टरचा दाखला देऊन बसण्याची शक्यता वाढते. तो बसला की पुढच्या सगळ्या जोडी बदलतात आणि ज्या ओझेकीला त्याच्याशी लढायचं होतं त्याचा रस्ता अर्धा मोकळा होतो.

ओझेकीचंही बघा. सलग दोन स्पर्धांत ८ विजय झाले नाहीत तर ओझेकीपण जातं. यादीत जो ओझेकी मागच्या वेळी ७ किंवा कमीवर थांबलाय, त्याची या पाच दिवसांतली प्रत्येक हार दुप्पट महाग. खाली गेला तरी लगेचच्या स्पर्धेत सेकीवाके म्हणून १० मारले तर परत ओझेकी.

निपाणी_पंधरा

पोरांना सोपं जावं म्हणून एक: असोसिएशनच्या यादीत पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात. एकाच क्रमांकात पूर्वेचा वरचा. माएगाशिरा ३ पूर्व हा ३ पश्चिमपेक्षा अर्धी पायरी वर. रात्री उद्याची यादी निघाली की शेवटच्या दहा जोडी वहीत उतरवून घ्या, दोघांच्या नावापुढं क्रमांक आणि आजपर्यंतचा आकडा. दुपारी आवाज बंद करून बघितलं तरी कोण कोणाशी का लढतोय ते कळतं.

किणये_कट्टा

आज रात्रीपासून वही सुरू. माएगाशिरा १ ते ४ चे आठहीजण आधी उतरवून काढतो.