मालकाला घरून हिशेब बघायचाय म्हणून मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६ उघडायचा का?

मोंढ्यातला संगणकवाला, लातूर
आडत दुकानाचा हिशेब मायएसक्यूएल डेटाबेसवर. सर्व्हर गल्ल्यामागच्या कपाटात, मालक उदगीरला. राऊटरवर ३३०६ फॉरवर्ड केलेला (बाहेरून आलेलं सर्व्हरकडं वळवलेलं), तरी तिथून लावलं की एरर २००३, सर्व्हरला जोडताच येत नाही. तीन तास फायरवॉल उकरला. निघालं काय, तर कुणीतरी कधीकाळी बाइंड-ॲड्रेस (सर्व्हरनं कुठल्या पत्त्यावर ऐकायचं ते) १२७.०.०.१ लिहून ठेवलेला! सर्व्हर स्वतःशिवाय कुणाचं ऐकतच नव्हता. ते ०.०.०.० (सगळ्या पत्त्यांवर ऐक) केलं तर एरर ११३०, या होस्टला परवानगी नाही. युजरच्या होस्टमध्ये % (कुठूनही आला तरी चालेल) टाकलं, चालू झालं. पासवर्ड पक्का असला की बास. लोक उगाच बाऊ करतात.

आडमुठा जालनेकर
बास कसं? अख्ख्या जगाला दार दाखवलंस की. जानेवारी २००३ मधला स्लॅमर वर्म आठव. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधल्या बगमधून, यूडीपी १४३४ वरून घुसला. पासवर्ड विचारलाच नाही त्यानं. पॅच सहा महिने आधी येऊन पडला होता, पण लावतंय कोण? बाइंड-ॲड्रेस होता तिथं ने, एसएसएच टनेल (कुलूपबंद वाट) कर.

मोंढ्यातला संगणकवाला
टनेलला एसएसएचचा पोर्ट २२ उघडावाच लागेल ना? एक दार लावून दुसरं उघडं! आणि लाईट गेली की टनेल तुटतो. रात्री ११ ला मालकाचा फोन तुला येत नाही, मला येतो.

आडमुठा जालनेकर
२२ ला फक्त एसएसएच की (चावीची फाइल) चालू ठेव, पासवर्ड लॉगिन बंद. फरक आहे राव.

परभणीहून
भांडा निवांत, पण २००३ च्या पुढं कंसात काय होतं? १००६१ म्हणजे समोरून 'नाही' आलं. मशीनपर्यंत पोचलात, त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. मग फायरवॉल कामून उकरला? १००६० म्हणजे उत्तरच नाही, तेव्हा फायरवॉल नाहीतर राऊटर बघायचा. आमच्याकडं १००६० होता. राऊटरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघितला तर १००.६४ नं सुरू, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या सीजीनॅटमागं, एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाईकांत वाटलेला. तिथं कितीही फॉरवर्ड करा, बाहेरून काही येत नाही. शेवटी दुकानातूनच भाड्याच्या छोट्या सर्व्हरकडं उलटा टनेल काढला.

आडमुठा जालनेकर
लातूरकर, मायएसक्यूएलच्या एरर लॉगची पातळी ३ कर, कोण लॉगिन करून बघतंय ते दिसंल. मग बोलू.

मोंढ्यातला संगणकवाला
केली. चहा पिऊन येईस्तोवर रूट, ॲडमिन, बॅकअप, काय काय नावानं लोक येऊन गेलेत. रूटचं % काढलं, मालकाचा युजर नुसत्या सिलेक्टपुरता (फक्त वाचायला) ठेवला. पोर्ट मात्र सोयाबीनची आवक संपेस्तोवर उघडाच. टनेल लावायचाच असंल तर मालकाला तुझा नंबर देतो.