खर्रा सुटत नाही म्हणजे मन कच्चं, की पानठेला जवळ?

धुरकरी (धागाकर्ता, यवतमाळ जिल्हा)

एकोणीस वर्षं खर्रा (तंबाखू, सुपारी, चुना एकत्र घोटलेला) खाल्ला. दिवसाला चार, बाजाराच्या दिवशी सहा. गुढीपाडव्याला सोडला. आता कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, म्हणजे सात महिने झाले. हे मिरवायला लिहीत नाही. (थोडं मिरवायलाही लिहितोय, खोटं कशाला बोलू.)

मुद्दा असा. गावात कोणालाही विचारा, ‘सोडायचा आहे, पण सुटत नाही बा’ हेच उत्तर. कोणाला टेन्शन, कोणाला संगत. मला हे सगळे बहाणे वाटतात. मन गोऱ्ह्यासारखं, म्हणजे तरण्या बैलासारखं असतं. पहिल्या दिवशी मानेवर जू ठेवू देत नाही, पण रोज थोडं थोडं जुंपलं की तासाला लागतं.

मी एकदम सोडलाच नाही. चहानंतरचा पहिला खर्रा आधी अर्धा तास पुढे ढकलला, महिनाभर. मग जेवणात वरून मीठ घेणं बंद केलं. मिठाचा खर्ऱ्याशी काही संबंध नाही, नुसती ‘नाही’ म्हणायची सवय लागावी म्हणून. मग सोमवारचा उपास, तोही साबुदाण्याशिवाय. शाळेच्या सहलीत सेवाग्रामला गेलो होतो तेव्हा गांधीजींच्या एकादश व्रतांमधलं ‘अस्वाद’ (चवीसाठी न खाणं) वाचून आम्ही पोट्टे फिदीफिदी हसलो होतो. आता हसू येत नाही. जीभ आवरली की हात आवरणं सोपं जातं, हा माझा अनुभव. ज्याला पटत नसेल त्याने खोडून काढावं.

पांदणवाट

अभिनंदन भाऊ. पण खोडतोच.

तुम्ही ज्याला कच्चं मन म्हणता त्यात चुना कालवलेला असतो. चुन्यामुळे तंबाखूतलं निकोटीन मोकळं होतं आणि गालाच्या आतून झपाट्याने रक्तात उतरतं. वर सुपारीची चटक वेगळीच, तिच्यात अरेकोलिन नावाचं चटक लावणारं द्रव्य असतं. एका पन्नीत दोन व्यसनं घोटून मिळतात आणि आपण माणसाला म्हणतो, बाबा, तुझा निश्चय कमी पडला. माझ्या चुलतभावाचं तोंड आता दोन बोटांएवढंच उघडतं. भाकर कुस्करून खातो. तो काय बहाणे सांगतो?

दुसरं असं की आमच्या बसथांब्यापासून शाळेपर्यंत पाच पानठेले. शेतात जायचं तर त्यातल्या तिघांसमोरून गाडी न्यावी लागते आणि तिन्ही ठेलेवाले नावाने हाक मारतात. आठवडाभर शेतपंपाला रात्रीची लाईन (वीज) असली की दोन वाजता मोटार चालू करायला जायचं, अंधार, साप, डोळ्यांवर झोप. त्या वेळी तोंडात खर्रा हवा असतो तो चवीसाठी नाही. तुमच्याकडे दिवसाची लाईन आहे का? असेल तर निम्मा निश्चय त्या वायरीतून येतोय.

धुरकरी

लाईन माझ्याकडेही रात्रीचीच आहे. थर्मासमध्ये चहा नेतो.

विदर्भपुत्र९

सायन्स म्हणतं कोणतीही सवय २१ दिवसांत लागते. २१ दिवस काढा, विषय संपला.

निवृत्त मास्तर

२१ दिवसांचं काही खरं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २००९ साली ९६ जणांवर अभ्यास झाला होता. जेवणासोबत फळ खाणं, रोज थोडं पळणं अशा साध्या सवयी. त्या अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि त्या सवयी लावायच्या होत्या, सोडायच्या नव्हत्या.

धुरकरींच्या गोऱ्ह्याबद्दल थोडं. मन स्नायूसारखं असतं, वापरलं की दमतं आणि सरावाने बळकट होतं, ही कल्पना अमेरिकेतल्या रॉय बाउमाइस्टर यांनी मांडली. १९९८ च्या त्यांच्या प्रयोगात काहींना समोर गरम बिस्किटं ठेवून फक्त मुळा खायला सांगितलं. नंतर एक न सुटणारं कोडं दिलं. मुळा खाणाऱ्यांनी ते लवकर सोडून दिलं. आम्हीही बी.एड.च्या मुलांना हे रंगवून सांगायचो. पण २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांत मन दमतं का हे वेगळ्या रीतीने तपासलं, तेव्हा परिणाम जवळपास शून्य निघाला. तेव्हा मीठ सोडल्याने खर्रा सुटला की खर्रा सुटायचाच होता आणि मीठ मध्ये आलं, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

मिठाईचा प्रयोग बहुतेकांनी ऐकला असेल. वॉल्टर मिशेल, स्टॅनफर्ड, १९६० च्या दशकाची अखेर. मुलासमोर एक मिठाई ठेवायची, मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन म्हणायचं. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात सरस ठरली, असं आपण पालकसभांमध्ये किती वेळा सांगितलं असेल! २०१८ मध्ये नऊशेवर मुलांची माहिती पुन्हा तपासली तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच तो संबंध बराच फिका पडला. मला मात्र सेलेस्ट किड यांचा २०१३ चा प्रयोग जास्त भिडतो. त्यात मुलं २८ होती. निम्म्या मुलांना आधी ‘चांगले रंग आणून देतो’ म्हणून फसवलं, निम्म्यांना शब्द पाळून आणून दिले. मग मिठाई ठेवली. फसवलेली मुलं सरासरी तीन मिनिटं थांबली, शब्द पाळला गेलेली बारा.

सरकी

मास्तर, हे वाचून मले हसूच आलं. म्या थांबलो व्हतो ना बाप्पा!

२०२२ च्या सुरुवातीले कापूस क्विंटलले दहा हजाराच्या वर गेला. आमचा तवा दिवाईलेच इकून मोकळा झालता, उधारी व्हती. सारं गाव म्हने, घाई केली लेका, जरा दम काढाचा असता. म्हून पुढच्या साली म्या दम काढला. खेड्यात येनाऱ्या व्यापाऱ्यानं नऊ हजार सांगतले, म्या नाई म्हनलो. घरात सपरीपासून माजघरापर्यंत कापूस. लेकरायले खाज सुटली, बायको रोज बोलते, उंदरायची चंगळ. उन्हाळ्यात इकला तवा भाव सात हजाराच्या आसपास. कृषी दुकानदाराचं व्याज वेगळंच.

आता सांगा, माह्या मनाचा निग्रह कमी पडला का जास्त झाला? यंदा कापूस घरात आला की दुसऱ्या दिवशी गाडी भरतो. तुमी म्हना मले फसवलेलं लेकरू.

निवृत्त मास्तर

म्हणणार नाही. तीन मिनिटं थांबणारं ते मूल मूर्ख नव्हतं, हेच त्या प्रयोगात मला दिसतं.

धुरकरी

विषय कापसाकडे वळला. कापूस थांबवणं हा जुगार आहे, त्यात समोरचा भाव आपल्या हातात नाही. खर्रा न खाण्यात कोणता व्यापारी आडवा येतो? आणि पांदणवाट भाऊ, ठेले दूर केले की सुटेल असं तुमचं म्हणणं असेल तर आजूबाजूला बघा. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला केली आणि २०२१ ला उठवली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि कोणत्या गावात मिळत नाही ते सांगा. दुकान दूर गेलं तर पिणारा चालत जातो, नाहीतर दुकान मोटारसायकलवर बसून त्याच्याकडे येतं. शेवटी हात आपलाच.

पांदणवाट

बंदीचं नाव मी काढलंच नव्हतं. पण आता काढलंच आहे तर, मोटारसायकलवर येणारी बाटली महाग पडते, उघड्यावर बसून पिता येत नाही, बारक्या पोरांच्या डोळ्यांसमोर फळीवर मांडलेली नसते. माझ्या लेखी तेवढंही पुष्कळ.

पेटीची किल्ली (भंडारा जिल्हा)

दादा लोकांनो, वरचं सगळं वाचलं. मन, चुना, लाईन, भाव. एकाही प्रतिसादात बाई नाही. वेचणीला गेलेली बाई पाळणाघर नसलेल्या गावात लेकरू धुऱ्यावर झोपवून दिवसभर वाकते, संध्याकाळी मजुरी हातात आली की त्यातली चिवड्याची पुडी लेकराला आणि स्वतःला फक्त चहा. याला कोणी मनोबल म्हटलेलं मी ऐकलं नाही. बायकाही खर्रा खातात, आमच्याकडे तर पुष्कळ, पण त्यावर धागा निघत नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या बचत गटात महिन्याला शंभर रुपये. पैसे घरी का टिकत नाहीत? कारण घरी मागणारा असतो आणि ‘नाही’ म्हटलं की भांडण. म्हणून पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे. नवऱ्याला सांगायला सोपं, किल्ली माझ्याकडे नाहीच. माझं मन काही पक्कं नाही दादा, किल्ली लांब आहे.

पण नुसती लांबीही पुरत नाही. आमच्या गावात बाबा जुमदेवांच्या मार्गातले (एकच परमात्मा मानणारा, व्यसन सोडायला लावणारा पंथ) सेवक आहेत, घरावर ‘परमात्मा एक’ लिहिलेलं असतं. चार तत्त्व, तीन शब्द, पाच नियम. त्या घरातला माणूस दारू सोडतो तेव्हा एकटा सोडत नाही, सगळं घर मार्गात येतं आणि आठवड्याच्या बैठकीत सगळ्यांसमोर बसावं लागतं. वारकरी गळ्यात माळ घालतो त्याचंही तसंच. माळ दिसली की बारवालाच विचारतो, काय महाराज, इकडे कुठे? ठेला तिथेच असतो, मनही तेच असतं, फक्त बघणारे वाढतात.

धुरकरी

ताई, हे थोडं पटलं. पण दहा जणांच्या धाकाने सोडलं तर ते आपलं सोडणं कसं? दहा जण उठून गेले की?

पेटीची किल्ली

तुम्ही पाडव्यापासून सोडला तो कोणाला सांगून सोडला?

धुरकरी

कोणालाच नाही. हेच तर म्हणतोय.

सरकी

भाऊ, खरंखरं सांगजा. सात महिन्यांत एकबी नाई?

धुरकरी

(दोन दिवसांनी लिहितोय.)

पोळ्याला एक खाल्ला. बैल सजवले, तोरण तुटलं, सगळे ठेल्याजवळ उभे, कोणीतरी पन्नी पुढे केली. पाडव्यापासूनचे पाच महिने गेले. घरी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी एक, तान्हा पोळा झाल्यावर अजून दोन. मग पुन्हा बंद केला तो आजपर्यंत. वर सात महिने लिहिलं ते चूक. खरा हिशेब अडीच महिन्यांचा.

मन जुंपता येतं हे माझं म्हणणं अजूनही तेच आहे. मीठही परत सुरू केलं नाही. पण त्या दिवशी ठेल्यावर माझी बायको किंवा पोरगी उभी असती तर हात पुढे गेला नसता, एवढं मान्य.

पांदणवाट

मी कालपासून शेताला पांदणीने, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेने जातोय. एकही ठेला लागत नाही. चिखलात गाडी दोनदा फसली, अर्धा तास जास्त जातो. दिवसाला चारचा दोनवर आलो आहे.

पेटीची किल्ली

धुरकरी दादा, दर सोमवारी इथे लिहा, किती दिवस झाले. आम्ही वाचतो.

धुरकरी

सोमवारी आमचा बाजार असतो ताई, तोच अवघड दिवस. मंगळवारी लिहितो.

सरकी

सोमवारीच लिहा भाऊ. बाजारातूनच.